लाल गाडीला दुसरं इंजिन

लडलो, ४ मे १९८७

प्रिय हेडलीदादा,

सा. न. वि. वि. आधी वाईट बातमी. आपण दोघांनी बांधलेल्या लाल गाडीचं इंजिन गेलं. डोंगराच्या चढावर ठोके ऐकू आले आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढेपर्यंत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर! रस्त्यावर तेलाचं तळं.

क्लेमंट ऑगलने गाडी ओढून घरी आणली. दुधाचे टँकर दुरुस्त करतो, विधुर आहे, मोजकं बोलतो. आत डोकावून म्हणाला, की बाई, याला आता फुलं वाहा. भंगारवाल्याकडे मागून ठोकर बसलेली जपानी गाडी आहे, तिचं दोन कॅमचं इंजिन शाबूत आहे. क्लेमंट म्हणतो तेच बसवू. तुझं काय मत? आणि चॅसीच्या मापांची तुझी वही पाठव.

जेवण वेळेवर घे. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी रोवीना

*

ॲबर्डीन, ११ मे

चि. रोवी हिस अ. उ. आ.

समुद्रातल्या तेलाच्या रिगवरून काल किनाऱ्यावर आलो, तर हे पत्र. चार हिवाळे आपण त्या थंडगार गॅरेजात पाइपाला पाइप जोडून तिचा सांगाडा उभा केला, आणि आता तिची नाडी बघायला तुला एक टँकरवाला सापडला! छान.

जुन्याच जातीचं लोखंडी इंजिन शोध. त्याच माउंटिंगवर बसेल, तोच गिअरबॉक्स चालेल. जपान्याचं तेलाचं चेंबर पुढच्या आडव्या पाइपाला घासेल, वर बॉनेटला टेंगूळ आणावं लागेल. टँकरवाल्याला हे सुचलं नसेल. तो दुधाची वाहनं बघतो, आपली गाडी वेगळी.

वही घर बदलताना कुठे गेली, देव जाणे.

तुला जुन्या माणसांची आठवण असू दे, एवढंच मागणं.

हेडली

*

लडलो, १९ मे

प्रिय दादा,

सा. न. तुझ्या पत्रात क्लेमंटचं नाव एकदाही नाही, 'टँकरवाला' मात्र जागोजागी. शेजारच्या मिसेस टिमिन्सना वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या की भाऊ आहे की सवत?

वही नाही तर नाही. रविवारी आम्ही दोघांनी गाडीखाली पडून मापं घेतली. चेंबर कापून उथळ करायचं, टेंगूळ मी स्वतः ठोकणार. ताकद दीडपट होईल. ठरलं, जपानीच. शनिवारी, ३० तारखेला इंजिन येतंय.

एक सांगते. क्लेमंटने तुझ्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, की हे करणाऱ्याच्या अंगी भारी सबुरी असली पाहिजे. हे वाचून तरी राग गिळ.

रोवीना

*

ॲबर्डीन, २३ मे

चि. रोवी,

आशीर्वाद द्यायचं तोंड नाही. वही हरवलेली नाही, माझ्या पलंगाखाली आहे. सोबत पाठवतोय.

पान बावीस बघ. तू कॉलेजला होतीस तेव्हा इंजिनाच्या डाव्या माउंटिंगखालच्या पाइपाला तडा गेला होता. मी आतल्या बाजूने पट्टी जोडली, वर रंग मारला आणि गप्प बसलो. जुन्या इंजिनाला ते पुरलं. दीडपट ताकदीला पुरणार नाही. हे ठाऊक असून मी तुला चेंबर आणि बॉनेटच्या गोष्टी सांगत बसलो.

का, ते सांगतो. घर तुझ्याकडे, गाडी तुझ्याकडे. माझ्याकडे फक्त तिची माहिती उरली होती. तीही त्याच्या हाती दिली, तर मला कोण विचारणार? पण ते सबुरीचं वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सार्वजनिक फोनच्या रांगेतही उभा राहिलो, मागे सहा जण होते. नंबर फिरवायच्या आधीच रांग सोडली.

पाइप बदलल्याशिवाय गाडी चालवू नकोस.

हेडली

*

लडलो, २७ मे

हेडली,

क्लेमंटने रंग खरवडला. तडा पट्टीच्या पुढे बोटभर गेलाय. त्या पाइपाशेजारी माझे पाय असतात, हेडली. माझे पाय!

क्लेमंट तुला एका शब्दाने वाईट बोलला नाही, त्याने मी जास्तच भडकले. तो एवढंच म्हणाला, की ज्याने जोडलं त्यानेच कापावं. सुट्टी घे. १३ जूनला मी गॅरेज उघडं ठेवीन. आलास तर भाऊ.

रोवीना

*

लडलो, २४ जून

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. तू सुखरूप पोचलास हे कळलं. कसं कळलं, ते शेवटी लिहिते.

आलास, पाइप कापलास, नवा जोडलास, हे मी विसरणार नाही. पहिले दोन दिवस तुम्ही दोघं 'पाना दे' आणि 'दिवा धर' यापलीकडे बोलला नाहीत. मला वाटायचं, मधल्यामध्ये माझंच सँडविच होणार. तिसऱ्या दिवशी इंजिनाने पहिला हुंकार दिला. गाडीत जागा दोनच, म्हणून मी मोठ्या मनाने किल्ली तुमच्याकडे फेकली. वाटलं, गावाला एक चक्कर मारून येतील.

अडीच तास! मी भाजलेलं मटण थंडगार झालं. तुम्ही आलात ते वाऱ्याने लालबुंद होऊन, खिदळत, कुठल्याशा खानावळीत जेवून. कशाला हसताय विचारलं, तर क्लेमंट म्हणाला की काही नाही, आमचं आपलं. आमचं! माझी गाडी, माझा भाऊ, माझा... तो, आणि मी फाटकाशी हातात कापड धरून उभी. मी हसले खरी, पण हेवा वाटला. तुझी सगळी पत्रं मला त्या क्षणी समजली.

आज पोस्टमन आला. पाकिटावर तुझं अक्षर बघून हात पुढे केला, तर वर नाव क्लेमंट ऑगल, द्वारा रोवीना. तीन पानं, पाठपोट! काय लिहिलंय विचारलं, तर म्हणतो कार्ब्युरेटरचं. कार्ब्युरेटरचं वाचून कुणी डोळे पुसतं का?

मला पत्र लिही. चार पानी लिही.

तुझी सख्खी, एकुलती एक बहीण,
रोवीना