पायाची दोरी

सानगडी, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१

यांचं पत्र आलं, मद्रासच्या बंदरातून टाकलेलं. मामाजींना, यांच्या वडलांना, वाचून दाखवलं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. सिंगापूरजवळच्या चिंचोळ्या समुद्रात चाचे रात्री होडीतून येतात, बांबूला आकडा लावून जहाजाच्या मागच्या बाजूने चढतात. यांच्या मालाच्या जहाजावर बंदुका नसतात. आग विझवायच्या पाइपाने पाणी मारत रात्रभर तिथं उभं राहायचं, बस. ही पाळी यांनी मागून घेतली. कशाला?

मामाजी म्हणाले, "तो तं मचाणावरई झोपे."

लहानपणी हे धानाच्या राखणीला जात. रानडुकरं यायची. मामाजी यांच्या पायाला दोरी बांधून खाली बसत, आणि डोळा लागला की ओढत. हे सांगताना दर वेळी हसतात. आज हसले नाहीत.

"तिथं दोरी कोण ओढन, बाई?"

मी उत्तरासाठी कागद काढला.

मग म्हणाले, "लिही त्याले, झोपू नको म्हणा." लिहिलं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. पाकीट चिकटवताना यांच्या पत्राची शेवटची ओळ पुन्हा वाचली. 'येत्या सोमवारी रात्री तिथून जाऊ.' वर तारीख पाहिली. पत्र टपालात कुठंतरी अडकून पडलं होतं; तो सोमवार होऊन तीन आठवडे झाले.

ती दोरी आता कोणी ओढून काय उपयोग? जे व्हायचं ते होऊन गेलं असेल, आणि मला इथं माहीतही नाही.

आत्ताच मामाजींनी ओसरीवरून विचारलं, "टाकलं का पेटीत?"

हो म्हटलं. पाकीट माझ्यासमोरच आहे.