मोटरीचे नट, बैलाच्या गळ्यात

मु. कामरगाव,
पोळ्याची कर सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी

गुलाबसिंग भाऊजींच्या पायावर हेमसिंगचं डोकं, आणि आमच्या थोरल्या बहिणीले, रुपाबाईले, दुरूनच दंडवत. भाऊजी, तुमचा गुडघा आता कसा आहे? पावसाळ्यात तो ठणकते हे मले मालूम आहे, म्हणून आधी त्याची खबर घेतो, बाकीच्या माणसायची मागून. मी खुशाल आहे, दोन वेळ जेवून राह्यलो, आणि मेन गोष्ट म्हणजे मी अजून तिथंच आहे. त्याच गावात, त्याच मिस्त्रीपाशी. हे वाक्य बाईले दोनदा वाचून दाखवा, एकदा वाचून तिचा विश्वास बसणार नाही.

तिचंही बरोबर आहे म्हणा. जिनात लागलो तर रुई नाकात जाते म्हणून सोडून आलो, हलवायापाशी राह्यलो तर गोड खाऊन तोंड आलं, आणि मूर्तिजापूरच्या रेल्वे गोदामातून काहून निघालो ते माझं मलेच आठवत नाही. (तिथं एक अस्वलवाला आला होता. पण हे कंसातलं बाईले वाचू नका.) म्हणून तर तुमी मोहनसिंगबाबाले शब्द देऊन बसले ना, की पोरगं दिवाळीपर्यंत एका जागी टिकलं तर त्यायच्या पोरीची, धनीची, आणि त्याची बोलणी करू. तुमचा शब्द माझ्या पायावर उभा आहे, आणि माझे पाय कसे आहेत ते तुमी जाणता. मी मोहनसिंगबाबाले कधी नीट पाह्यलंही नव्हतं, तुमच्याकडं येतो तवा त्यायच्या तांड्याची वाट टाळून येतो. धनीले मात्र पाह्यलं आहे. पोहरादेवीच्या यात्रेत गाडीच्या सावलीत बसून कवड्या ओवत होती, लहान-मोठ्या वेगवेगळ्या करून, मान वर न करता. (हेही वाचू नका.)

आता आमचे मिस्त्री, अन्सारचाचा. तुमी त्यायले पाह्यलं नाही म्हणून सांगतो. घराच्या बाजूले जुना गोठा आहे, त्यातच त्यायचं मोटर दुरुस्तीचं काम चालते. मोटरीचा आवाज ऐकूनच तिचं दुखणं सांगतात. पण गोठ्याच्या कोपऱ्यात एक घमेलं होतं, घमेलं कायचं, डोंगरच तो! नट, बोल्ट, इस्क्रू, खिळे, वायसर, स्प्रिंगा, आणि कोण्या जमान्यातली एक दात पडलेली फणी. एक बोल्ट पाहिजे असला की चाचा सारं घमेलं अंगणात उलटं करत, सकीनाचाची कपाळाले हात लावत, आणि दाणे टाकले समजून कोंबड्या धावून येत. मले ठेवून घेतलं तेच या कामासाठी. म्हणे, हेम्या, कापसाचा हंगाम लागला की मोटरीवर मोटर येईल, तवा पोळ्याच्या आत हे बारीक सामान असं लाव, की मी अंधारात हात घातला तरी पाहिजे तेच हाती आलं पाहिजे. जमलं तर राहा, नाही तर तुझी पिशवी तुले वजनी नाही.

आधी मी डबे धरले. चाचीच्या चुलीपाशी रिकामे डबे होते, आणि काही माझ्या मते रिकाम्यासारखे होते. त्यात सामान भरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा जेवायले बसले आणि वरणात दाताखाली कटकन् काही आलं. मी तर पिशवी शोधाले उठलोच होतो. चाचानं ते तोंडातून काढलं, लुंगीले पुसलं, उजेडात धरून पाह्यलं, ‘दोन सुती वायसर’ एवढंच म्हणाले, आणि खिशात टाकून पुढं जेवले. (मिस्त्री लोक सुतात मोजतात, एका इंचात आठ सूत. हे मले आता झोपेतही येते. चौथीच्या गुरुजीले सांगा.) चाची मात्र एवढ्यावर थांबल्या नाहीत. डबे गेले.

मंग मले ती कवड्यांची माळ आठवली. कोणाची ते सांगत नाही. म्हटलं, भोक तर वायसरलेही आहे, नटलेही आहे! सुतळीले मेण लावलं आणि ओवाले बसलो. दोन सुतीची एक माळ, तीन सुतीची एक, पितळेची वेगळी, लोखंडाची वेगळी. पितळेचं सामान चिंचेच्या पाण्यानं घासलं तर असं झळकाले लागलं, की मले थांबताच येईना. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीले, कारंजाहून आलेली सवाऱ्यायची एक मोटर चाचानं आत घेतली, ब्रेकसाठी पुढचं चाक काढलं, आणि त्या चाकाचे सहा नट माझ्या हाती दिले. ते सहाही घासून एका पितळेच्या माळेत मधोमध ओवले, पदकावाणी, म्हणजे सकाळी विसरणार नाही. साऱ्या माळा खुंटीवर टांगल्या आणि, भाऊजी, खोटं कायले सांगू, मी त्यायच्याकडं पाहतच झोपलो. माझ्या हातून पहिल्यांदा एक काम पुरं झालं होतं.

पोळ्याच्या सकाळी नदीवर आंघोळीले गेलो. (रस्त्यात एक माणूस पोपटाले बोलणं शिकवून राह्यला होता, म्हणून थोडा उशीर.) येऊन पाहतो तर खुंटी रिकामी. चाचीले विचारलं तर त्या हसून म्हणे, अरे, तूच तर गोमतीबाईच्या बैलासाठी केल्या ना? मी देऊन टाकल्या, बिचारी किती खूश झाली!

चुकी चाचीची नाही. पोळा तोंडावर आलेला, सारं गाव बैलासाठी माळा, गोंडे करून राह्यलं आणि हा पोरगा दोन दिवस चिंच लावून पितळ घासते, मेणाच्या सुतळीत ओवते, कोणीही काय समजेल? गोमतीबाई म्हणजे शेजारची एकटी बाई. नवरा नाही, एक वावर आणि एक बैल. चांद्या त्याचं नाव. जोडीचा मागच्या साली मेला. चाचीच्या मनात आलं की एकट्या बैलाचा पोळा निदान सजून तरी होवो.

इकडं मोटर ठाकठीक, चाक लावून तयार, फक्त नट नाहीत. दुसरे नट लावून पाह्यले तर आटेच बसेनात. ड्रायव्हर नाचून राह्यला, मोटरीची वाट पाहणारी मंडळी निंबाखाली गाठोड्यावर बसलेली. त्यात पांढऱ्या पागोट्याचा एक म्हातारा तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून मले सारखा विचारे, ‘काहून रे बाप्पा, तूच ओवले काय?’ मी चिडून म्हटलं, ‘बाबा, तुमी तंबाखू मळा, मोटर निघाली की सांगतो.’

चाचा आणि मी तोरणापाशी धावलो. चांद्या ओळीत उभा, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि गळ्यात सारं आमचं दुकान. मधोमध मोटरीचे सहा नट. असा रुबाब करून उभा होता की बाजूची जोडी त्याच्याकडं पाहून राह्यली होती. मी हात घालायले गेलो तर गोमतीबाईनं माझा हात झटकला. ‘खबरदार! आज त्याच्या अंगावर चढलं ते आज कोणी उतरवत नाही. पोळा फुटू दे, घरोघर ओवाळून होऊ दे, मंग ने. वर्षभर तो माझ्यासाठी चालते, एक दिवस तुमची मोटर त्याच्यासाठी थांबली तर काय बिघडलं?’

मले वाटलं चाचा आता भडकतात. पण ते म्हणे, ‘बात सही है, बहन. मोटर को क्या सण, क्या सूतक.’ आणि मले बाजूले घेऊन सांगतलं, ‘बैलासंगं जाय. सहाही नट घेऊन आला तर ये. नाही तर येऊच नको, चाची पिशवी बाहेर ठेवेल.’

पोळा फुटला आणि आमची वरात निघाली. गोमतीबाई पुढं, कासरा माझ्या हाती, आणि माझी नजर माळेवर. दारोदार बायका पाय धुऊन राह्यल्या, पुरणपोळी चारून राह्यल्या, मले बोजारा म्हणून धान्य, सुपारी देऊन राह्यल्या, आणि मी सुपारी सोडून नट मोजून राह्यलो. लोहाराच्या दारी डफड्यानं चांद्या बुजला, मानेले झटका बसला आणि सुतळी तुटली. वायसर असे उधळले जसे लग्नात तांदूळ! गोमतीबाई अंगणात बसली, मी खाली लोळलो, बायकायनं पदर पसरले. पाच नट सापडले. सहावा पोळीच्या ताटात पडला होता, आणि चांद्यानं तो पोळीसगट उचलला. भाऊजी, तुमी बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आहे काय? घालू नका. चांद्या माझ्याकडं असा पाहे की सणाच्या दिवशी तोंडातला घास काढते हा कोण पाहुणा! पण नट निघाला. पुरणात माखलेला, गोड.

आता जे लिहितो ते बाईले वाचा. वेशीपाशी कारंजाकडची नाचगाण्याची दंडारवाली मंडळी गाडीत बसून चालली होती. त्यात माझ्या वळखीचा ढोलकीवाला, हाका मारून बोलावते, चल रे हेमसिंग, जागा आहे! गाडीत बसाले एक उडी पुरे होती. पाय उचललाही. पण एका हाती कासरा, दुसऱ्या मुठीत सहा नट, आणि मूठ उघडल्याशिवाय गाडीचा दांडा धरता येत नाही. मी उभाच राह्यलो. गाडी गेली. आणि मले वाईट वाटायचं तर हलकंच वाटलं, जसं दगडाचं पोतं पाठीवरून उतरलं.

चांद्याले गोमतीबाईकडं बांधून, माळा खांद्यावर टाकून दिवेलागणीले गोठ्यात पोचलो. चाचानं अंधारातच मुठीतले नट चाचपले, सहा, आणि पाना उचलला. मोटर सुटली. तो म्हातारा मात्र डब्यावरच. मी म्हटलं, ‘बाबा, तुमची मोटर गेली!’

‘माझी मोटर नव्हती बाप्पा,’ तो म्हणे. ‘मी पोहरादेवीहून तुलेच पाहाले आलो. सणाच्या दिवशी पोरगं जागेवर सापडते काय म्हणून. घरच्या जोडीचा पोळा पोरावर सोपवला. वेशीपर्यंत मागं मागंच होतो मी, ती गाडी गेली तवा इकडं येऊन बसलो.’

ते मोहनसिंगबाबा होते. ज्यायले मी तंबाखू मळाले सांगतलं ते. मले जमिनीत जायले जागा पाहिजे होती, पण गोठ्याची जमीन शेणानं सारवलेली, पक्की. ते म्हणे, ‘फिरणाऱ्याचं मले काही नाही. आपली सारी जातच फिरली. परत येते काय, तेवढं पाहाचं होतं.’

तवा कुठं मी सुटलो भाऊजी. चाचानं ठेवून घेतलं, माळाही ठेवल्या, फक्त आता चाचीच्या समोर खुंटीले गाठ मारून. काल त्यायनं डोळे मिटून हात घातला आणि तीन सुती बरोबर काढला. चाची तर गोमतीबाईसाठी एक माळ कवड्यांची करून दे म्हणून माझ्याच मागं लागल्या आहेत. बाकी सारं ठीक. गुडघ्याले शेक देत जा.

तुमचा,
हेमसिंग

ता. क. मोहनसिंगबाबाच्या तांड्यावर एक चक्कर टाकता येईल काय? मोहनसिंगबाबा जातानी पितळेची एक माळ संगं घेऊन गेले, धनीले दाखवतो म्हणे, आणि मीही गाठ सोडून दिली. आज चाचानं त्याच वायसरसाठी खुंटीले हात घातला. येत्या बाजारी येणाऱ्या मोटरीले ते लागतात. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच लिहाले घेतलं होतं, मधे बाकीचं आलं.

ता. क. दुसरा. पण मागू नका. पोरीकडं गेलेली वस्तू परत मागतली की बोलणी मोडली समजतात, हे चाचीनंच आता सांगतलं. तुमी नुसते जा, गुडघा दुखते म्हणून बसा, आणि माळ कुठं आहे ते पाहून या.

ता. क. तिसरा, आणि हा बाईले मोठ्यानं वाचा. माळ खुंटीवर असली तर कसंही करून आणा. तिच्या गळ्यात असली तर पाणी पिऊन गुपचाप उठा. वायसर मी अकोल्याहून नवीन आणीन, चाचाले तसं सांगतलं आहे. जातो आणि येतो.