सत्यभामाबाईंचा पगार

पुणे, मंगळवार

प्रिय सुवर्णा, सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं?

माझ्या देवानंदने त्याच्या बाळाला पाळणाघरात घातलं. महिन्याला अठरा हजार! मी तिथल्या बाईंना सुनावलं, "आमच्या गावी, चिखलीत, सत्यभामाबाई माझ्या बहिणीचा नातू दिवसभर सांभाळतात, दोन हजारांत!"

त्या म्हणाल्या, "काकू, मग त्यांचं घर कसं चालतं?"

"घरच्यासारख्याच आहेत," एवढंच पुटपुटले. सून मान खाली घालून उभी होती.

इथला भाव सत्यभामाबाईंना सांगू नकोस, असं आत्ता लिहिलं आणि खोडलं. त्याचीच जास्त लाज वाटते. सांग त्यांना, आणि पगार वाढव. "मले नाई परवडत" म्हणशील, तर नातू तू सांभाळ.

तुझी,
माई