दाराआडची वाटी

आई, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहायला बसलो आहे. ठाण्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज लिहून बोटं शाईनं काळी होतात, पण स्वतःचं चार ओळींचं म्हणणं मांडायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

कल्याणच्या आपल्या घरात तू थोरल्या काकांसमोर कधी बोलली नाहीस. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, ही रीत. पण तू मुकी कुठे होतीस! स्वयंपाकघराच्या दाराआडून बांगड्या एकदा किणकिणल्या की पानं वाढली आहेत, दोनदा वाजल्या की कुणीतरी आत यावं. काका खाकरले की ते आत येताहेत, तू बाजूला हो. सारं घर असं चालायचं आणि कुणाचं काही अडत नसे. मग बाबा गेले, तुझ्या बांगड्या गेल्या, हात ओकेबोके झाले. काही दिवसांनी तू पितळेची वाटी घेतलीस आणि उलथन्याच्या दांड्यानं वाजवू लागलीस. काकांनी भुवई उचलली, पण चालवून घेतलं.

माझ्या पाठच्या धाकटीच्या लग्नाचं बोलणं करायला पाहुणे आले, ती दुपार. नवरा तिजवर, आधीच्या दोन बायका वारलेल्या, घरचं बरं. काका त्यांना आणायला गेलेले. सकाळीच तळ्यावर पाहुण्यांच्या गावची एक बाई तुला भेटली होती. तू मला चुलीपाशी बसवतेस, हात पिठाचे तसेच. "अरे, आधीच्या दोघी तिथे कशा गेल्या ठाऊक आहे का? उपाशी ठेवायचे रे पोरींना! भाऊजींना मी कशी सांगू? बोलणं ठरण्यावर आलं की दोनदा वाटी वाजवीन. तू उठून आत ये, आणि बाहेर जाऊन सांग, आई नको म्हणते. मुलीच्या आईचा शब्द आहे म्हटल्यावर ते ओढून धरणार नाहीत." मी तुझी शपथ घेऊन हो म्हटलं.

ओटीवर मी काकांच्या शेजारी, नव्या पगडीत. नोकरी नुकतीच लागलेली, पाहुणे माझं मत विचारताहेत, मी मान डोलावतो आहे. वाटी वाजते. दोनदा. काका माझ्याकडे बघतात, उठतोस ना, असंच. पाहुण्यांतला एक विचारतो, "आत काय हो वाजलं?" आणि मी म्हणतो, "मांजर असेल." सगळे हसले. वाटी पुन्हा वाजली नाही. सुपारी फुटली.

तू मला बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी तू पान वाढलंस, भातावर तूप घातलंस, नेहमीएवढंच. दुसऱ्या वर्षी धाकटी गेली. सासरचं पत्र मी वाचून दाखवत होतो, "अल्पशा आजाराने", आणि तू पत्राकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होतीस. पुढे कितीतरी वर्षं आपण एका घरात राहिलो, पण मीठ हवं का, पाणी तापलं आहे, यापलीकडे बोललो नाही. शेवटच्या दुखण्यात तीच वाटी मी तुझ्या उशाशी ठेवली. म्हटलं, "काही लागलं तर वाजव, आई." तू मान हलवलीस. एका दुपारी कचेरीतून लवकर आलो तर तहानेनं तुझे ओठ फुटले होते आणि वाटी ठेवली होती तिथेच होती.

हा कागद पाठवणार तरी कुठे? उद्या चुलीत घालीन. धाकटी परत येत नाही, तूही नाहीस, आणि मला माफ करायला कुणी उरलेलं नाही. काकांना भिऊन गप्प बसलो, असं मी सगळ्यांना, बायकोलासुद्धा सांगत आलो. तूही तसंच समजून गेली असशील तर बरं. पण काकांचा धाक नव्हता गं. ते तर मी उठायची वाट बघत होते. चार परक्या माणसांसमोर दाराआड वाटी वाजवणारी माझी बोडकी आई. मला तुझी लाज वाटली होती.