सात शिक्क्यांची मोटार

३ मार्च १९२९, रविवार
आजपासून इंग्रजी तारीख. निजामाची फसली तारीख कचेरीला, तिथी बायकांना. मोटारवाल्याला इंग्रजीच शोभते. मोटार अजून नाही, पण ठरले.

कारण घरातले आहे. मुक्ताला आठवा लागला. मागची दोन्ही बाळे बीडच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. नऊ कोस, त्यात मांजरसुंब्याचा घाट. तिसऱ्यांदा असे होऊ देणार नाही. मोटार हे अंतर तासाभरात तोडते. देवासमोर मोठ्याने बोललो.

गावातली पहिली मोटार माझी असेल, हा भाग वेगळा.

७ मार्च, गुरुवार
जालन्याचा दलाल राधाकिशन मोटार घेऊन आला. सात वर्षांची आहे, पण हॉर्न नव्यासारखा. मी खुळा नाही. आधी विचारले, तपासणीचे पुस्तक कुठे आहे? तो चपापला. खेड्यात हा प्रश्न कोणी विचारत नसावे.

पुस्तक दिले. कचेरीसमोर मोटार उभी करून सरकारी माणूस तपासतो, शेरा लिहितो, शिक्का मारतो. सगळे उर्दूत. चष्मा लावून पानन्‌पान पाहिले. सात शिक्के! त्यातले पाच तर गेल्या वर्षभरातले, शाईवरूनच कळते. एवढ्यांदा तपासलेली मोटार वाईट कशी असेल?

राधाकिशन म्हणाला, परळीचा एक गिऱ्हाईक उद्याच येतोय, अर्जुनराव. मी आजच होकार दिला.

८ मार्च
मुक्ताचा भाऊ, मेव्हणा रामहरी आला. नेकनूरच्या शाळेत मास्तर आहे, उर्दू त्याला पाणी. म्हणाला, दाजी, पुस्तक दावा की, दोन मिन्टांचं काम हाय. मी म्हणालो, माझे वाचून झाले.

इथे खरे लिहायला हरकत नाही. लहानपणी मी बीडला सहा महिने मौलवींकडे होतो. सही झोकात येते. बाकीचे विसरलो. गावाला वाटते मला येते, आणि गावाचा विश्वास मोडणे बरे नाही. कागद आला की मी बघतो, मान हलवतो, आणि गुपचूप बीडच्या अर्जनविसाकडे वाचून घ्यायला पाठवतो. यावेळी सवड नव्हती, इतकेच.

तीन वर्षांपूर्वी चावडीत रामहरीने सगळ्यांदेखत मला एक हुकूम वाचायला दिला होता. चष्मा घरी राहिला म्हणालो. तेव्हा मला चष्माच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात घेतला. रामहरी त्या दिवशी नुसता बघत राहिला, काही बोलला नाही. तो बोलला नाही, हेच मला सहन होत नाही.

पुस्तक पेटीत. किल्ली कमरेला.

१५ मार्च
मोटार चालवायला शिकलो. राधाकिशनने दोन दिवस शिकवले आणि तो घाईने गेला. चालू होते झकास. थांबायला जरा वेळ घेते. ब्रेक दाबला की मोटार विचार करते, मग थांबते. काल लिंबाला लागली. लिंब फार पुढे आहे, तोडायला सांगितला.

१९ मार्च
युक्ती सापडली. थांबायचे असले की उकिरड्यात घालायची. मऊ लागते. गाडीवान सटवा हसला. म्हणाला, मालक, बैलाला नुसतं हो म्हणलं की थांबतंय. त्याला यंत्रातले काय कळते.

रामहरीने पुन्हा पुस्तक मागितले. पुन्हा नाही म्हणालो.

२ एप्रिल
आज मुक्ता स्वतः बोलली. ती सहसा असे बोलत नाही. म्हणाली, मला लिवता-वाचता येत न्हाई. दोन लेकरं गेली, आता माझ्यात जीव न्हाई. तुमी ते पुस्तक वाचलं असंल तर मी डोळे झाकून बसते. न्हाईतर आपली गाडीच बरी.

मी म्हणालो, अक्षरन्‌अक्षर वाचले.

काय लिवलंय?

मोटार मजबूत आहे, घाटाला उत्तम, असे लिहिले आहे, म्हणालो. हे खोटे म्हणता येणार नाही. सात शिक्क्यांचा अर्थ दुसरा काय असणार?

ती बरं म्हणाली. लई दिवसांनी पोटभर जेवली. मला बरे वाटले.

१२ एप्रिल
संकल्प: १) बीडला जाऊन ब्रेक दाखवून आणणे. २) पुस्तक अर्जनविसाकडून वाचून घेणे. उद्याच.

१३ एप्रिल
ऊन फार. सोमवारी.

१५ एप्रिल, सोमवार
पाहुणे आले. त्यांना मोटारीतून फिरवले. उकिरडा बघून सगळे थक्क झाले.

२० एप्रिल, शनिवार, सकाळी सहा
मुक्ताला बारीक कळा. निघतो. तिच्या हट्टामुळे पहाटेच सटवाबरोबर बैलगाडी पुढे पाठवली, तीत छबुबाई सुईण. पैज लावतो, घाट लागायच्या आत त्यांना मागे टाकीन.

रामहरी पुढे माझ्या शेजारी बसणार. बाभळीचा ठोकळा घेऊन आला आहे, बैलगाडीच्या चाकाखाली लावतात तसला. कशाला म्हणून विचारले. म्हणाला, असू द्या, दाजी.

पुस्तक कोटाच्या खिशात घेतले. रुबाब राहतो.

२१ एप्रिल
बीड. दवाखान्याचा ओटा.

घाटाच्या तोंडाशी बैलगाडी मागे टाकली. हॉर्न वाजवला. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला. मोटारीने विचार केला नाही.

दुसरे वळण कसे घेतले आठवत नाही. डाव्या अंगाला दरी. मुक्ता ओरडली नाही. मला वाटते तिला अजून खात्री होती. रामहरी म्हणाला, दाजी, डोंगराकडं दाबा, आणि ठोकळा घेऊन उडी मारली. मागच्या चाकाखाली घातला. निसटला. पुन्हा घातला, पायाने दाबून धरला. मोटार डोंगराला घासली आणि थांबली. त्याच्या पायावर थांबली.

मग वरून बैलगाडी आली. दोघांना तिच्यात घातले. मी मागून चालत.

पाली गावापाशी, गाडीतच, मुलगी झाली. रडली. छबुबाई म्हणाली, जित्ती हाय वो, मालक, जित्ती हाय. मी रस्त्यात खाली बसलो.

रामहरीचा पाय गुडघ्याखाली काढला.

२९ एप्रिल, सोमवार
रामहरी शुद्धीवर आहे, जेवतो. मुक्ता पोरीला घेऊन त्याच्या खाटेशी बसते. आज तिने ते पुस्तक मागितले. द्यावे लागले. तिने ते भावाच्या हातात ठेवले. वाच म्हणाली.

त्याने पोरांना धडा सांगतो तसे वाचले, मराठी करून. पहिला शिक्का: चालेल. दुसरा: चालेल. तिसरा: ब्रेक धरत नाहीत, नामंजूर, दुरुस्त करून आणा. चौथा तेच. पाचवा तेच. सहावा तेच. सातवा, १८ जानेवारीचा: माणसे बसवू नयेत. घाटात नेऊ नये.

मुक्ता माझ्याकडे वळली. तुमी वाचलं होतं ना, म्हणाली.

आसपास आठ-दहा माणसे. नेकनूरचेही दोघे. रामहरी माझ्याकडे बघत होता, चावडीत बघत होता तसाच. मग हळूच म्हणाला, आक्का, दाजींचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला असंल.

त्याने वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. मला खरेच हलवायची होती.

मी म्हणालो, चष्मा होता. मी वाचले होते.

मुक्ताने पोरीला पदराखाली घेतले आणि माझ्याकडे पाठ केली. निदान उर्दूबद्दल तिला शंका उरली नसावी.

२० मे, सोमवार
गावी. मुक्ता माहेरी गेली, भावाला घेऊन, बैलगाडीने. सटवाने पोचवले. पोरीचे नाव ठेवले म्हणे. काय ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते. घर फार मोठे वाटते.

मोटार बैल जुंपून ओढून आणली. उकिरड्यात आहे. कोंबड्या बसतात.

संकल्प: उर्दू शिकणे. पण शिकवणार कोण? नेकनूरची शाळा मास्तरावाचून बंद आहे.

आज कचेरीतून शिपाई कागद देऊन गेला. उर्दू. चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिला. शिक्का एकच, पण मोठा.

सटवाने विचारले, मालक, काय लिवलंय?

विशेष काही नाही, म्हणालो.