मी सारवलेला नकाशा

प्रिय आई,

काल तुझं तेरावं झालं. घर आवरायचं सोडून लिहायला बसले आहे, कारण काल जमना येऊन गेली आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझ्या फोटोपुढे ती माझ्याहून जास्त रडली. दोन-तीन माणसं तर तिलाच तुझी मुलगी समजून तिचं सांत्वन करत होती! माझी साठी उलटली, तरी एकोणीसशे छप्पनच्या दिवाळीत जळले होते तशीच जळले गं.

तुला आठवतं? नागपूरच्या कॉन्व्हेंटातून मी सुट्टीला वणीला आले, तर माझ्या खाटेवर जमनाची गोधडी. मारेगावकडच्या तांड्यावरून तिचे वडील तिला बैलगाडीतून सोडून गेले होते. "पोरगी बाहेरून मॅट्रिकले बसून राह्यली, बाई. बाकी जमते, भूगोलच आडवं येते." लग्नाआधी तू शाळेत भूगोल शिकवायचीस, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. तू लगेच हो म्हणालीस. मला पत्रात एक ओळ तरी लिहायची होतीस!

आपला जिल्हा त्याच सुमारास मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जात होता. पुस्तकातला नकाशा जुना, नवा कुठं मिळेना. मग तू मागच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, अख्खं नवं राज्य काढलंस. सीमेला रांगोळी, डोंगरांना गेरू, काळ्या जमिनीला कोळशाची पूड. आणि नद्यांना कपड्यांची नीळ! तो विस्कटू नये म्हणून बाबासुद्धा भिंतीला चिकटून न्हाणीघरात जायचे.

जमनाचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. त्यांच्या मुक्कामांवर ती चिंचोके मांडायची आणि तू, तिची मास्तरीण, गालाला हात लावून विचारायचीस, "मग पुढचा मुक्काम कुठं गं?"

मला कधी विचारलंस? कॅनडातली सगळी सरोवरं मला तोंडपाठ होती. घरामागून वाहणारी निर्गुडा नदी पुढे कुठं जाते, ते मात्र ठाऊक नव्हतं. घरात एवढी चांगली शिक्षिका असताना मला का लांब धाडलंस? तू म्हणायचीस, "तुझं इंग्रजी पक्कं होईल." झालं. पण तुझ्याजवळ बसून शिकायचं राहिलं ते राहिलंच.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "आई, यंदा पडवीत आपण दोघी रांगोळी काढू."

"पुढच्या अंगणात काढ. इथे जमनाच्या परीक्षेचा नकाशा आहे."

एवढंच बोललीस आणि शेजारी करंज्या करायला गेलीस. मी, शेणाला कधी बोट न लावलेली, बादलीभर शेण कालवलं आणि पडवी सारवून टाकली. सह्याद्रीपासून वर्धेपर्यंत सगळं गेलं. हात कोपरापर्यंत बरबटले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

जमना पाण्याची घागर घेऊन आली. "हे काहून पुसलं वो ताई?"

"दिवाळी आहे ना. मदत केली."

तेवढ्यात तू आलीस. जमनानं घागर खाली ठेवली. "राहू द्या बाई, मले पाठ हाय." आणि ओल्या जमिनीवरच बोटानं वर्धा नदी ओढायला लागली.

"अगं, आधी सीमा काढ!" तू म्हणालीस.

"सीमेचं काय, बाई, यंदाच बदलली. वर्धा कुठं जाते जागा सोडून?"

काय हसलीस तू! पदर खोचून तिच्याजवळ बसलीस. माझ्याकडे वळून इतकंच म्हणालीस, "सारवण जाड झालं गं. पुढच्या वेळी पातळ कालव."

त्यावर पुढे कधीही एक शब्द नाही. तुला कळलं होतं का, हा प्रश्न मी इतकी वर्षं उराशी धरून होते.

काल निघताना जमनानं माझे हात धरले. हायस्कुलात भूगोल शिकवून ती आता निवृत्त झाली आहे. म्हणाली, "ताई, तुमचे उपकार हायेत माह्यावर. बाईनं मले तवाच सांगतलं होतं. नकाशा तुमी मुद्दाम पुसला, मले पाठ हाय का ते पाहाले. परीक्षेत तोच आला, तवा तुमचीच आठवण झाली."

म्हणजे तुला सगळं कळलं होतं! आणि तिच्या मनात माझी जागा चांगली राहावी म्हणून तू, कधी खोटं न बोलणारी, खोटं बोललीस. मग मला का नाही जवळ घेतलंस? एक थप्पड तरी मारायचीस. मला ती चालली असती, निदान ती फक्त माझी असती.

मी काल तिचे आभार गिळून टाकले.

आई, येत्या रविवारी मी जमनाच्या घरी जाते आहे. का पुसलं ते खरं सांगेन. तुझं खोटं मोडेल, त्याला माझा इलाज नाही. तिनं मला दाराबाहेर काढलं नाही, तर ती तुझ्याकडून जे शिकली ते सगळं मला पहिल्यापासून शिकव म्हणेन. हे नक्की करीन. हेवा सोडीन, असं मात्र लिहून देत नाही.

तुझी पोटची,
शालू