घोस्ट केलं म्हणे

४ जुलै
रुतूचा पुण्याहून फोन. "आई, त्यानं मला घोस्ट केलंय." एवढंच म्हणाली नि ठेवला. आख्खी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, हा प्रयोग मला नवा. सुपारी फुटली, गल्लीभर पेढे वाटून झाले, आणि आता मुलगा मेसेजला उत्तर देत नाही, फोन उचलत नाही. हो नाही, नाही नाही. लेकीचं लग्न ठरलंय की मोडलंय?

५ जुलै
मधल्या सुट्टीत शब्द शोधला. मूळ अर्थ प्राण, आत्मा. मग भूत. पुढं बोलीत, गुपचूप सटकणं. तिकडं इंग्लंडात कैद्याला न सांगता दुसऱ्या तुरुंगात हलवलं तरी हेच म्हणायचे. आणि आता हे. दुसरं काही हातात नाही म्हणून शब्द चिवडत बसलेय.

८ जुलै
हे इचलकरंजीला जाऊन आले, मुलाच्या घरी. जाताना केवढा आवाज! "तोंडावर इचारतो की! भितो काय कुणाला?" तिथं मटणाचं ताट, आग्रहावर आग्रह, पावसापाण्याच्या गप्पा. "त्यांनी विषय काढला न्हाय. त्यांच्यात जेवत बसलोय, मी कसा काढू?" वर रश्शाचा डबा घेऊन आले! मी खूप चिडले. मग ह्यांचा चेहरा बघितला आणि डबा हातातून घेतला. डबा फ्रीजमध्ये आहे, कुणी हात लावत नाही.

९ जुलै
रुतू म्हणते, "आजारी असेल गं. घरचे लपवत असतील." मी नुसतं हं हं. "शाळेच्या फोनवरून एकदा लाव ना. तो नंबर त्याच्याकडे नाही." नको म्हणवेना.

११ जुलै
लावला. लगेच उचलला. "हॅलो, बोला!" खणखणीत आवाज, मागे हसणंखिदळणं. काय बोलायचं ते घोकून गेले होते. "हॅलो? कोण बोलतंय?" ठेवून दिला.

धडधाकट आहे. आजारी असता तर बरं, असं मनात आलं. लाज वाटली स्वतःची.

संध्याकाळपासून रुतूचे फोन येताहेत. मेसेजही. "लागला का गं?" "आई?"

ह्यांनी आतून विचारलं, "कुणाचा फोन? उचल की."

परत वाजतोय. पालथा घालून ठेवलाय.